‘का’चा तक्ता : कामाच्या नोंदी

9 जानेवारी

वाचनालयाच्या मीटिंगमध्ये काल विषय निघाला की 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला या वेळी काय करायचं, दरवर्षी तेच हस्ताक्षर स्पर्धा आणि कविता वाचन, तर माझ्या तोंडून निघून गेलं की एकच बारकासा शब्द घेऊ आणि तो जगात कुठेकुठे कुठल्या अर्थाने वापरतात त्याचा मोठा तक्ता लावू. सगळे एका सुरात हो म्हणाले. म्हणजे आता मीच करायचं, हे कळायला मला घरी येईपर्यंतचा वेळ लागला.

शब्द आधीच ठरलाय, ‘का’. याचं श्रेय मावसताईला. ती मस्कतला नर्स आहे, तिथे तिच्याबरोबर ड्युटीला दोन फिलिपिनो मुली आहेत, आणि नवीन असताना रोज दुपारी त्यातली एक हिच्याकडे बघून म्हणायची, “कुमाइन का ना बा?” ताईला वाटायचं ही आपल्याला मराठीत चिडवतेय. का, ना, बा, तिन्ही आपलेच की! चौथ्या दिवशी तिने वैतागून “का ना बा काय, नीट सांग बाई” असं चक्क मराठीत सुनावलं आणि मग कळलं की ती बिचारी टागालोगमध्ये “जेवलीस का” एवढंच विचारत होती.

आता गंमत बघा. त्या वाक्यात प्रश्न विचारायचं काम ‘का’ करतच नाही, ते ‘बा’ करतं. ‘कुमाइन’ म्हणजे जेवणं झालं, ‘ना’ म्हणजे एव्हाना, आणि ‘का’ म्हणजे ‘तू’. म्हणजे दोघी एकच प्रश्न विचारणार, दोघींच्या वाक्यात ‘का’ येणार, आणि दोन ‘का’ एकमेकांना ओळखतही नाहीत.

12 जानेवारी

शीट बनवली. कॉलम : भाषा, कुळ, अर्थ, एक वाक्य, नातं. ‘नातं’ हा कॉलम मुद्दाम टाकलाय, नाहीतर तक्ता म्हणजे नुसतं “अय्या हे पण, अय्या ते पण” होईल. रंग तीन : आपल्या ‘का’शी खरंच नातं असेल तर लाल, योगायोग असेल तर निळा, तिसरा काय ते नंतर बघू.

नियम करायला बसले आणि पहिल्याच नियमाला आईशी वाद. मी म्हटलं शब्द सुटा हवा, दुसऱ्या शब्दाला चिकटलेला नको. आई मालवणची, ती म्हणाली मग ‘माका’, ‘तुका’ मधला ‘का’ गेला की काय? मी म्हटलं हो, तो प्रत्यय आहे, आपल्या ‘मला’ मधल्या ‘ला’सारखा. “माका ठाव नाय तुझे नियम,” असं म्हणून ती भाजी निवडायला लागली. वाक्यात उदाहरणच देऊन गेली.

शेवटी मालवणी-कोंकणीचा ‘का’ तक्त्याच्या कडेला एका चौकटीत टाकायचा असं ठरलं. घरात शांतता हवी.

अजून एक बारीक भानगड म्हणजे आपला ‘का’ लांब आहे, आणि जपानी वगैरेंचा आखूड, पण तो आपल्या ‘क’ सारखा नाही, त्यात खरा ‘आ’ आहे, फक्त लवकर संपतो. देवनागरीत ते दाखवायला सोय नाही म्हणून सगळीकडे ‘का’च लिहिणार. कोणी विचारलंच तर तोंडाने बोलून दाखवेन.

18 जानेवारी

पहिल्या मजल्यावरच्या काकांना बातमी लागली. (‘काका’ म्हणजे दोन ‘का’, हे भाचीने लगेच दाखवून दिलं.) काकांनी सकाळी सातला व्हॉट्सॲपवर लांबलचक फॉरवर्ड पाठवला, सारांश असा की जपानी भाषा मराठीतून निघाली आणि पुरावा ‘का’. खाली हात जोडलेले आणि झेंडा.

एरवी मी असले फॉरवर्ड न वाचता पुढे सरकते, पण या वेळी थांबले कारण जपानी आमच्या यादीत पहिलीच होती आणि खरं सांगायचं तर साम्य बघून मलाच घाम फुटला. लिहूनच काढते :

एक, प्रश्नाच्या शेवटी ‘का’. आपण “जाता का?”, ते “इकिमास का?” जागाही तीच, क्रियापदाच्या नंतर, वाक्याच्या शेपटीला.

दोन, दोघांपैकी एक निवडायचं असेल तरी ‘का’. जपानीत “कोही का कोचा” म्हणजे कॉफी किंवा काळा चहा. आणि आपण पाहुण्यांना काय विचारतो? “चहा घेणार का कॉफी?” ‘की’ म्हणणारे पण आहेत, पण आमच्याकडे ‘का’च. आणि हे आजचं नाही, ज्ञानेश्वरीत उपमांची रांग लागली की ‘कां’ जागोजागी ‘किंवा’ म्हणूनच येतो.

तीन, आणि इथे मी खुर्चीतून उठले. जपानी माणसाला तुम्ही काही सांगितलंत की तो म्हणतो “सो देस का”, आवाज खाली उतरवून, म्हणजे तो प्रश्न नसतो, ‘अच्छा, असं आहे होय’ एवढंच. शब्दाला शब्द लावला तर “असं का.” आपली आज्जी फोनवर दर दोन मिनिटांनी म्हणते तेच! “हो का… असं का… बरं बरं.” आवाज चढवला तर प्रश्न, उतरवला तर पोच. दोन्हीकडे.

रात्रभर वाटत राहिलं की काकाच बरोबर असले तर?

20 जानेवारी

काका बरोबर नाहीत. पण हे सिद्ध करायला दोन दिवस गेले आणि मला वाटतं तक्त्यातला सगळ्यात कामाचा भाग हाच होणार आहे.

युक्ती साधी आहे, पोरीचं स्थळ बघतात तशी. मुलगा एकटा बघून चालत नाही, घर बघावं लागतं. आपल्या ‘का’चं घर कोणतं? कोण, काय, कुठे, केव्हा, कधी, कसा, किती, कोणता. प्रश्न म्हटला की ‘क’ आलाच. हिंदीत तेच, कौन, क्या, कहाँ, कब. संस्कृतात कः, किम्, कुत्र, कदा. वऱ्हाडात ‘का’ऐवजी ‘काऊन’, खानदेशात ‘काबर’, सगळ्यांच्या नाकावर तोच ‘क’. ‘का’ हा त्या मोठ्या खटल्यातला धाकटा.

आता जपानी ‘का’च्या घरी जाऊ. कोण म्हणजे ‘दारे’. काय म्हणजे ‘नानी’. कुठे म्हणजे ‘दोको’. केव्हा म्हणजे ‘इत्सु’. कसं म्हणजे ‘दो’. एकाच्याही तोंडाशी ‘क’ नाही. जपानीचा ‘का’ त्या घरात प्रश्नशब्दांचा सख्खा नाहीच, तो वेगळाच कोणी आहे, फक्त कपडे आपल्या ‘का’सारखे घालून आलाय.

मग इतकं जुळतं कसं? त्यातलं अर्धं जुळणं स्वस्तातलं आहे. दोन्ही भाषा क्रियापद शेवटी ठेवतात. ‘घरात’, ‘टेबलावर’ सारखं नातं दाखवणारा तुकडा नावाच्या मागे लावतात, आणि अशा भाषांत प्रश्नाचं चिन्ह असलेला शब्दही बहुतेक वेळा शेवटी जातो. हे जोसेफ ग्रीनबर्गने 1963 मध्ये तीस भाषा शेजारी ठेवून मांडलेलं आहे. म्हणजे ‘शेवटी येतो’ यात नवल काही नाही. आणि प्रश्न व ‘किंवा’ हे तर मुळात शेजारी आहेत. “येतोस का?” याच्या पोटात “येतोस का नाही?” बसलेलंच असतं. पोलिशमध्ये ‘चि’ असाच, प्रश्नही तोच विचारतो आणि ‘किंवा’चं कामही तोच करतो, फक्त तिकडे तो वाक्याच्या सुरुवातीला उभा राहतो. मग योगायोग उरला किती? एवढाच, की आवाज ‘का’ निघाला.

निळा रंग. पण मनात थोडी हळहळ आहेच, खोटं कशाला बोलू.

21 जानेवारी

भाचीला काल रात्री हे सांगितलं तर तिला योगायोग पटेचना. “एवढा सेम सेम कसा असेल?” म्हणून तिला कुत्र्याची गोष्ट सांगितली. डिक्सन नावाचे भाषाशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या उत्तर भागात मरणाला टेकलेल्या भाषा टिपून घेत फिरत होते, म्बाबाराम नावाची भाषा बोलणारा एक म्हातारा त्यांना सापडला, त्याला विचारलं कुत्र्याला काय म्हणता, तो म्हणाला ‘डॉग’. डिक्सनना वाटलं हा इंग्रजीच बोलतोय. पण नाही, तो खराखुरा म्बाबाराम शब्द होता. शेजारच्या यिदिन भाषेत कुत्रा ‘गुदागा’, आणि म्बाबाराममध्ये शब्दांचं डोकं आणि शेपूट झिजून झिजून तोच ‘गुदागा’ ‘डॉग’पाशी येऊन थांबला. इंग्रजीचा काडीचा संबंध नाही.

ती म्हणाली ही गोष्ट तक्त्यावर टाक. मी म्हटलं तक्ता ‘का’चा आहे. ती म्हणाली मग कुत्र्याचं चित्र तरी टाक. बघू.

26 जानेवारी

सुट्टी, झेंडावंदन करून आल्यावर दिवसभर हेच. आज लाल रंग पहिल्यांदा वापरला, आणि तो कुठे लागला तर लाटव्हियात! बाल्टिक समुद्राकाठी. लाटव्हियनमध्ये ‘का’ म्हणजे ‘कसं’. “का तेव इएत?” म्हणजे कसं चाललंय तुझं.

लगेच घर तपासलं. कोण/काय : ‘कास’. कुठे : ‘कुर’. केव्हा : ‘काद’. सगळं खटलं ‘क’वर. शेजारच्या लिथुआनियनमध्येही ‘कास’ म्हणजे कोण, काय, आणि संस्कृतात ‘कः’ हा विसर्ग काढून मूळ रूपात लिहिला तर ‘कस्’. ठाण्यात बसून अंगावर काटा आला हो. हजारो वर्षं झाली दोन्ही घरं वेगळी होऊन आणि दाराची कडी अजून तशीच वाजते. इंग्रजीचे हू, व्हॉट, व्हेअर पण ह्याच खटल्यातले, त्यांचा ‘क’ फक्त घासून ‘ह’ झाला.

पण आता एक पाऊल उत्तरेला, बॉर्डरपलीकडे, एस्टोनिया. तिथेही ‘का’ आहे. अर्थ ‘पण’, म्हणजे सुद्धा. “मिना का” म्हणजे मीपण. एस्टोनियन ही फिनिशची बहीण, आपल्या कुळातली नाहीच, आणि हा ‘का’ सोबत या अर्थाच्या मोठ्या शब्दाचं उरलेलं टोक, फिनिशमध्ये तोच ‘कान्स्सा’ म्हणून अजून अख्खा आहे. म्हणजे लाटव्हियातल्या रिगाचा ‘का’ आपला लांबचा भाऊ, आणि तिथून काही तासांच्या रस्त्यावरच्या, एस्टोनियातल्या टालिनचा ‘का’ आपला कोणी नाही. नकाशावर शेजारी शेजारी एक लाल टिकली एक निळी टिकली. मला हा तुकडा सगळ्या तक्त्यात सगळ्यात आवडतो.

(जाता जाता : संस्कृतातल्या ‘क’ने एक देवच निर्माण केला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात 121 व्या सूक्तात ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, कोणत्या देवाला हवी अर्पण करू, हा प्रश्न परत परत येतो, आणि पुढे ब्राह्मणग्रंथांनी उत्तर दिलं की ‘क’ हे प्रजापतीचंच नाव. प्रश्नच उत्तर होऊन बसला. चौकट करायची.)

1 फेब्रुवारी

पॅसिफिक महासागर. इथे माझी चांगली जिरली.

माओरीत क्रियापदाच्या आधी ‘का’ येतो, आता हे घडतंय किंवा घडायला लागलं असं सांगायला. न्यूझीलंडचे रग्बीवाले मॅचच्या आधी मांड्या थोपटत जो ‘हाका’ नावाचा माओरी नाच करतात त्यात सुरुवातीलाच तो दणादण ऐकू येतो, ‘माते’ म्हणजे मरण, ‘ओरा’ म्हणजे जगणं, आणि दोन्हीच्या पुढे ‘का’. 1820 च्या सुमाराला ‘ते रौपाराहा’ नावाच्या माओरी सरदाराने तो रचला असं मानतात. हवाईयन ही माओरीची चुलतबहीण, तिथेही ‘का’ आहे आणि तो इंग्रजीच्या ‘द’सारखा नामाच्या आधी बसतो. ‘का लाए’ म्हणजे ‘ते टोक’, हवाईच्या मोठ्या बेटाचं अगदी दक्षिणेचं टोक, तेच अमेरिकेच्या पन्नास राज्यांचंही दक्षिण टोक.

तर मी काय केलं, दोन्ही भाषा एका घरच्या, दोन्हीकडे ‘का’, म्हणून दोघांना एका रेघेने जोडून टाकलं. आणि मग ध्वनींचा हिशोब वाचला. माओरीचा ‘त’ हवाईत ‘क’ झालेला असतो. माओरी ‘तापु’, हवाई ‘कापु’. माओरी ‘तांगाता’ (माणूस), हवाई ‘कानाका’. आणि माओरीचा ‘क’ हवाईत गेला की त्याचा नुसता घशातला अडकाच उरतो, माओरी ‘वाका’ (होडी), हवाई ‘वा-आ’. म्हणजे हवाईच्या ‘का’चा खरा जोडीदार माओरीत ‘का’ नव्हे, ‘ते’! माओरीत ‘द’ला ‘ते’च म्हणतात. भाषा सख्ख्या, आणि ‘का’ मात्र परके. रेघ खोडली. पेनाने काढली होती, व्हाइटनर लावला, आता तिथे प्रशांत महासागरात एक बर्फाचं बेट दिसतंय.

योगायोग का होतात याचं उत्तरही इथेच मिळालं. हवाईयनमध्ये व्यंजनं आठ, स्वर पाच. आपली बाराखडी, त्यांची पाचखडी. आठ गुणिले पाच, चाळीस अक्षरं, दीर्घ धरले तर दुप्पट. एवढ्याशा डब्यात सगळा संसार बसवायचा म्हटल्यावर ‘का’ रिकामा राहीलच कसा? आणि ‘क’ आणि ‘आ’ हे तर जगात बहुतेक भाषांकडे असतातच. शब्द जितका बारका तितके त्याचे तोतये जास्त. ‘कुलकर्णी’ दोन भाषांत निघाला असता तर मी दचकले असते.

4 फेब्रुवारी

दोन बाद.

स्वाहिली : ‘का’ आहे पण क्रियापदाच्या पोटात, आणि सुटा करता येत नाही. “निलिएंदा सोकोनी, निकानुनुआ न्दिझी”, बाजारात गेले आणि केळी घेतली, त्या ‘निकानुनुआ’तला ‘का’ म्हणजे ‘आणि मग’. गोष्ट सांगताना का, का, का अशी माळ लागते. फार गोड आहे, पण नियम म्हणजे नियम. (आईला सांगितलं नाही, तिच्यासाठी नियम वाकवला होता.)

प्राचीन इजिप्त : ‘का’ म्हणजे माणसातलं चैतन्य, चित्रलिपीत वर केलेले दोन हात. सगळ्यांना हा हवाच होता, चित्र मस्त दिसतं म्हणून. पण ती लिपी स्वर लिहीतच नाही. लिहिलंय ते ‘क’ आणि पुढे एक घशातलं व्यंजन, ज्याला वाचायच्या सोयीसाठी आजचे अभ्यासक ‘आ’ म्हणतात. फाराओच्या घरी ‘का’ असा उच्चार होत होता असं त्यावरून म्हणता येत नाही. काढून टाकला. वाचनालयाच्या बाई नाराज.

8 फेब्रुवारी

खासी! मेघालयातली, आणि कुळाने आपल्या बाकी शेजाऱ्यांपासून वेगळी, तिकडे ख्मेर-व्हिएतनामीच्या गोतावळ्यातली. तिथे ‘का’ म्हणजे ‘ती’, आणि प्रत्येक स्त्रीलिंगी नामाच्या आधी हा ‘का’ लागतो, पुल्लिंगीला ‘उ’. सूर्य ‘का स्ङी’ आणि चंद्र ‘उ ब्नाइ’. म्हणजे सूर्य बाई आणि चंद्र पुरुष! चांदोमामा तेवढा आपल्याशी जुळला, सूर्यनारायणाची मात्र पंचाईत. आणि खासींमध्ये वंश आईकडून चालतो, धाकटी मुलगी ‘का खाद्दुह’, घर तिच्याकडे. आमच्या घरातली धाकटी मी. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, दादाने ऐकलं नाहीसं केलं.

तमिळमध्ये ‘का’ म्हणजे राई, झाडांची बाग. त्रिचीजवळच्या तिरुवानैक्का या देवळाच्या गावाच्या नावात तोच शेवटी आहे, हत्तीची राई. नन्नूल या जुन्या तमिळ व्याकरणात अशा एकाक्षरी शब्दांची मोजदाद केलीय, 42. आपल्याकडे असं कोणी मोजलं पाहिजे.

थाईमध्ये दोन सापडले. बायका वाक्याच्या शेवटी आदराने लावतात तो खरं तर ‘ख’ आहे, हवा सोडून, तो गेला. पण दुसरा ‘का’ म्हणजे कावळा. आणि इथे तिसरा रंग ठरला! कारण हा ना नात्याचा ना योगायोगाचा, हा कावळ्यानेच दिलेला. संस्कृतात ‘काक’, आपल्याकडे ‘काव काव’, सगळ्यांनी त्याच्याकडूनच उचलला. पिवळा. पिंडाला कावळा शिवत नसला की घाटावर सगळी मंडळी त्याची भाषा बोलायला लागतात, आजोबांच्या वेळी पाऊण तास चाललं होतं, शेवटी दादा म्हणाला “मी आईकडे बघीन” आणि तो आला. ते आठवलं आणि आज पुढे काम झालं नाही.

13 फेब्रुवारी

घरचे ‘का’ राहिले होते ते उरकले. हिंदीचा ‘राम का घर’ हा दिसायला सगळ्यात जवळचा आणि मला वाटलं होतं लालच, पण नाही, हा प्रश्नातला नाहीच, व्याकरणवाले तो ‘कृत’, म्हणजे ‘केलेला’ याच्यापासून आणतात. भाषा सख्खी, शब्द वेगळा. हवाई-माओरीचंच प्रकरण घरात.

भोजपुरीसाठी कुठे जावं लागलं नाही. खाली वॉचमनभाऊ फोनवर, “का हो, का हाल बा?” ‘का’ म्हणजे काय. हा मात्र अस्सल लाल, कोण-काय-कुठेच्या घरातला. मी त्यांना म्हटलं तुमचा ‘का’ आणि आमचा ‘का’ भाऊभाऊ आहेत, तर म्हणाले, “हाँ मॅडम, पार्सल आया है.”

16 फेब्रुवारी

काकांना सांगायलाच लागणार होतं, जिन्यातच गाठ पडली. जपानी कार्ड निळं आहे हे ऐकून ते एवढे हिरमुसले की मी वर बोलावून चहा केला. (“चहा घेणार का कॉफी?” विचारलं, दोघांनाही हसू आलं.) दारे-नानी-दोकोची यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली. माणूस बँकेत होता 34 वर्षं, आकडा जुळला नाही तर पास करणार नाही आणि चूक दाखवली तर मान्य करणार, हे मला आधी माहीत नव्हतं.

मग मी माझा ठेवणीतला पत्ता काढला. काका, शब्द आपला नाही, पण त्या अक्षराची जागा आपली आहे! जपानी मुलं अक्षरं शिकतात ती आधी स्वर, आ-इ-उ-ए-ओ, आणि मग पहिली ओळ कोणती? का-कि-कु-के-को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही मांडणी बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासातून नेली, सिद्धम् लिपीत मंत्र शिकताना वर्णमाला पाठ व्हायची तिथून. कूकाई नावाचे भिक्षू 804 मध्ये चीनला गेले, 806 ला परतले, त्यांच्या शिंगोन पंथात सिद्धम् अक्षरं आजही लिहितात, जपानी स्मशानात लाकडी फळ्यांवर ती दिसतात. तर त्यांचा ‘का’ स्वरांच्या पाठीमागे पहिला का बसतो? आपला ‘क’ तिथे बसतो म्हणून.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “हे का नाही कोणी फॉरवर्ड करत?”

20 फेब्रुवारी

फ्लेक्स. चार फूट बाय सहा.

फाइल घेऊन दुकानात गेले, तिथल्या मुलाने मजकूर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला आणि पडद्यावर नुसतं गिचमीड, कारण त्यांच्याकडचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा आणि माझा मजकूर युनिकोडमध्ये. मुलगा शांत. “मॅडम, टाइप करून घेतो परत.” संध्याकाळी प्रूफ आलं व्हॉट्सॲपवर. खासीचं खाशी झालं होतं, लाटव्हियनचं ‘लाटणवियन’, आणि एका ठिकाणी ‘का’चा काना सुटून शेजारच्या चौकटीत जाऊन उभा होता, एकटा, दांडा. एका अक्षराचा तक्ता, त्यातलंही अर्धं अक्षर पळून गेलं. भाची एवढी हसली की तिला उचकी लागली.

सगळं परत तपासून दिलं. रात्री साडेअकरा. कुत्रा शेवटी टाकलाच, कोपऱ्यात, छोटा.

27 फेब्रुवारी

झालं एकदाचं. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली, म्हणजे साठेक, त्यातली अर्धी बटाटेवड्यासाठी. जपानी चौकटीपाशी सगळ्यात गर्दी, कारण काका तिथे स्वतःहून उभे राहिले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारे-नानी-दोको ऐकवत होते, अगदी माझ्याच शब्दांत, “घर बघायचं, घर!” एक आजोबा सगळं ऐकून मान हलवत म्हणाले, “असं का…”, आवाज खाली उतरवून, आणि काकांनी टाळीच वाजवली.

एक मास्तर होते, रिटायर्ड, त्यांनी विचारलं की पूर्वी आपण ‘कां’ लिहायचो, अनुस्वारासकट, तो कुठे गेला. म्हटलं 1962 च्या लेखन नियमांत न उच्चारलेले अनुस्वार काढले तेव्हा गेला. “आमच्या हातून अजून पडतो,” म्हणाले.

आणि मग तळमजल्यावरच्या बेन आल्या. पंधरा मिनिटं एकेक चौकट वाचत गेल्या, हवाई, खासी, लाटव्हिया, सगळं, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अने गुजराती?”

मी बघतच राहिले. गुजराती! भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे ‘कां’ आहेच, ‘कां तो हे कां तो ते’ म्हणताना ‘किंवा’, आणि त्यांच्या काठियावाडातल्या माहेरी “कां?” म्हणजे सरळ “का?” दोन्ही आपल्यासारखंच, लाल, शंभर टक्के लाल, वर अनुस्वारसुद्धा जपून ठेवलेला, मास्तरांचा हरवलेला. मी पॅसिफिकपर्यंत जाऊन आले आणि रोज ज्यांच्याकडून विरजण आणते त्यांच्याकडे बघितलं नाही.

मार्कर घेतला, फ्लेक्सवर लिहायला गेले तर शाई फिसकटली. मग बेननीच वाचनालयाच्या वहीवर लेबल लावायचं स्टिकर आणलं, त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि मराठीच्या चौकटीला अगदी चिकटवून लावलं, थोडं तिरकं. अनुस्वार मोठा काढलाय, टिकलीएवढा.